सूरजबाईंचा जिना

अमळनेरहून धुळ्याकडे जाताना मध्ये एक बाजाराचं गाव लागतं. त्या गावाच्या पेठेत शांतीलालशेठचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या डोक्यावर त्यांचं घर. घरात जायचं तर दुकानाला लागून असलेल्या अरुंद जिन्याने. पायऱ्या अशा उभ्या की चढताना गुडघा छातीशी यावा. सूरजबाई नवरी होऊन या जिन्याने पहिल्यांदा वर आल्या तेव्हा घागऱ्याचा घेर पायरीपायरीला अडकत होता, आणि मागून कोणीतरी बाई म्हणाली होती, "सावकाश. होईल सवय."

सवय झाली. इतकी झाली की पुढे सगळं आयुष्य त्या जिन्याच्या वरच्या टोकालाच गेलं.

माहेर साक्रीचं. तिथेही वडिलांचं दुकानच होतं, पण लहानपणी त्या गुळाच्या भेल्यांवर बसायच्या, गिऱ्हाइकाला मीठ काढून द्यायच्या, आदिवासी पाड्यांवरून आलेल्या बायकांशी त्यांच्या बोलीत गप्पा मारायच्या. सासरी आल्यावर सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आपल्या घरच्या बायका दुकानाच्या गादीजवळ दिसत नाहीत." भांडण नाही, तंटा नाही, एक वाक्य सांगितलं आणि ते पुरलं. जैन स्थानकात प्रवचनाला जायचं, लग्नकार्याला जायचं, बाकी स्वयंपाकघर, गच्ची आणि पेठेकडची गॅलरी. पारस झाला, मोठा झाला, धुळ्याची रुची सून म्हणून आली. सूरजबाईंचे केस पांढरे झाले.

मग दोन वर्षांपूर्वी गच्चीवर पापड वाळत घालताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. हाडापेक्षा त्यांना जास्त लागलं ते दुसरंच. जन्मात कधी कुणापुढे उघडी न झालेली बाई, आणि आता लघवीला लागलं तरी हाक मारायची, भांडं येईपर्यंत दात आवळून पडून राहायचं. एकदा रुची औषधं आणायला खाली गेली होती. वॉर्डातली मावशी येते येते म्हणून येईना. सूरजबाई कासावीस झाल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटबरोबर राहिलेली एक बाई उठली. साक्रीकडच्या खेड्यातली, हिरवं लुगडं, हातावर गोंदण, नाव वच्छलाबाई. तिने काही विचारलं नाही. खाटेखालचं भांडं काढलं, एका हाताने सूरजबाईंची कंबर उचलली, दुसऱ्या हाताने चादर धरली आणि तोंड खिडकीकडे वळवून उभी राहिली. झाल्यावर म्हणाली, "लाज कसानी, माय? देह शे. त्याले लागसच."

नंतर तिने भांडं धुतलं, हात धुतले आणि आपल्या पेशंटला भाकरीचा तुकडा भरवायला बसली, जणू काही घडलंच नाही. सूरजबाईंना तिचे आभार मानायलाही तोंड फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी होती.

घरी आल्या तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्याने वर नेलं. डॉक्टर म्हणाले होते, जपा. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, बसा. वॉकर घेऊन गच्चीपर्यंत जायचं, गॅलरीपर्यंत यायचं, बस. जिन्याकडे नुसतं पाहिलं तरी पारस ओरडायचा, "मम्मी, तिकडे नको!" स्थानक बंद झालं, लग्नकार्य बंद झालं. महाराजसाहेब गावात आले की रुची मोबाइलवर प्रवचन लावून द्यायची. सूरजबाई ते कानाशी धरून बसायच्या. मध्येच कुणाचा तरी फोन यायचा आणि महाराजसाहेब अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचे.

राहिली गॅलरी. बाजाराच्या दिवशी तिथून अख्खी पेठ दिसायची.

समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी भागाबाई बसायची. बोरी नदीच्या काठावरच्या कुठल्याशा खेड्यातून ॲपे रिक्षाने पाट्या घेऊन यायची. गिलके, भरताची वांगी, कोथिंबीर, मेथी. वय सूरजबाईंपेक्षा दहाएक वर्षांनी कमी असेल, पण उन्हाने ते अंतर भरून काढलेलं. वैशाखातलं ऊन, डांबर पायाला चिकटतंय, आणि ही बाई सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्या पायरीवर. सूरजबाईंनी एकदा वरून पाण्याची बाटली टोपलीत घालून दोरीने खाली सोडली. भागाबाईने वर पाहून हात जोडले, बाटली घेतली, अर्धं पाणी कोथिंबिरीवर शिंपडलं, उरलेल्याने तोंडावर हात फिरवला. प्यायली नाही. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसंच झाल्यावर सूरजबाईंना वाईट वाटलं. आमच्या घरचं पाणी हिला चालत नाही की काय?

एका बाजारी रुचीने वरूनच गिलके मागवले आणि भागाबाई ते द्यायला जिना चढून आली. सूरजबाई वॉकर धरून दारात उभ्याच होत्या.

"भागाबाई, मी पाणी सोडते, तू पीत का नाहीस गं? आमच्याकडचं नको वाटतं का?"

"तसं नही, अक्का." भागाबाईने जिन्याकडे वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग आवाज उतरवून म्हणाली, "पाणी पिसू तर जासू कोठे?"

सूरजबाईंना क्षणभर कळलंच नाही.

"माणसं भिंतीकडे तोंड करीसन हुभा ऱ्हातस," भागाबाई सांगत होती. "आम्ही बाया घरथून निंघतस तवय कोरड्या घशानं निंघतस. घरी जाईसनच मोकळं होनं. दर उन्हाळाले उन्हाळी लागस. जळजळ, जळजळ. आते सवय व्हई गयी."

सवय हा शब्द ऐकला आणि सूरजबाईंना दवाखान्यातली ती खाट आठवली. ती चादर, ते आवळलेले दात. त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडून गच्चीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिथे जा. दाराला आतून कडी आहे. बादलीत पाणी भरलेलं आहे."

"मी? आठे?" भागाबाईने आधी आपल्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं, मग पुसून काढलेल्या फरशीकडे.

"जा गं."

घराची रचना सोयीची होती. जिना संपला की डाव्या हाताला घर आणि उजव्या हाताला गच्ची. संडास-मोरी गच्चीच्या कोपऱ्यात. परक्या माणसाला घरात पाऊल टाकायची गरजच नव्हती. भागाबाई गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता. सूरजबाईंनी तांब्या पुढे केला. तिने तो वरून तोंडात धरला आणि एका दमात रिकामा केला. पाणी हनुवटीवरून, कोपरावरून ओघळत राहिलं. मग आणखी एक तांब्या मागून घेतला.

"पुढच्या बाजारीही ये," सूरजबाई म्हणाल्या. "खालून हाक मार. मी दोरी ओढीन."

ती दोरी जुनी होती. खालच्या दाराला आतून कडी, कडीला बांधलेली दोरी भिंतीतल्या लोखंडी कड्यांमधून वरपर्यंत आलेली. वर दोरी ओढली की खाली कडी उचलली जायची आणि दार ढकलता यायचं; दार लोटलं की कडी आपोआप पडायची. पूर्वी सासू ओढायची, मग सूरजबाई. त्यांच्या हातात घराचं एवढंच दार उरलं होतं.

भागाबाई आली. मग एका बाजारी तिने शेजारी बसणाऱ्या लसूणवालीला आणलं. मग बांगड्यावाली, मग पोरगं काखेत घेऊन केळी विकणारी, मग एक पोटुशी बाई, जिला चढताना दोन ठिकाणी थांबावं लागलं. खालून हाक यायची, "अक्का!" आणि सूरजबाई दोरी ओढायच्या. बाया चपला खालीच काढायच्या, पदर सावरून भिंतीकडेने वर यायच्या, कोणाशी न बोलता गच्चीत जायच्या आणि जाताना सूरजबाईंकडे बघून मान हलवायच्या. कोणी कोणाचं नाव विचारत नव्हतं. काही जणी मात्र दोन मिनिटं दारात टेकायच्या आणि कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या जावयाचं सांगून जायच्या. सूरजबाई साक्रीच्या बोलीत एखादा शब्द टाकायच्या आणि बाया हसायच्या. आठवड्याचे बाकीचे दिवस सूरजबाई या दिवसाच्या आशेवर काढू लागल्या.

शांतीलालशेठना वाटत होतं, बाया सुनेला भाजी पोचवायला वर जातात. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला शेजारच्या दारातून काय चढतं-उतरतं ते पाहायला फुरसत नसते. रुचीला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती काही बोलली नव्हती. पण नळाला पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा तासभर, आणि गच्चीवरची टाकी खालून मोटर लावून भरायची. एका बाजारी दुपारीच टाकी कोरडी पडली. रुचीला स्वयंपाकघरातल्या पिंपातून बादल्या भरून गच्चीत नेऊन ओताव्या लागल्या. संध्याकाळी संडास घासून ती आत आली, हात पुसले आणि सासूसमोर उभी राहिली.

"मम्मीजी, एक बोलू? पुण्य तुमचं आणि बादल्या माझ्या."

सूरजबाईंनी वर पाहिलं. रुचीचे डोळे भरले होते.

"त्या बायांना नाही म्हणा असं नाही म्हणत मी. पण तुम्ही मला विचारलंत का? बी.कॉम. होऊन या गच्चीतच आहे मी. तुमचा पाय मोडलाय म्हणून तुम्ही उतरत नाही. माझे पाय चांगले आहेत, तरी मी कुठे उतरते?"

ती आत निघून गेली. आपण जी दया समजत होतो तिचा निम्मा भार दुसऱ्याच्या कंबरेवर होता, हे सूरजबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट त्यांच्या जास्त जिव्हारी लागली. सासूने त्यांना जे वाक्य सांगितलं होतं ते त्यांनी रुचीला कधीच सांगितलं नव्हतं. न सांगताच ते लागू झालं होतं.

पुढच्या बाजारी भागाबाईची हाक आली तेव्हा सूरजबाईंनी दोरी ओढली, पण ती वर आल्यावर खरं ते सांगितलं. पाणी पुरत नाही, सुनेला त्रास होतो. भागाबाईने कपाळाला हात लावला. "हाई आमले कळाले पाहिजे व्हतं, अक्का. तुमनी काय चूक?"

त्यानंतर वर येणारी प्रत्येक बाई चौकातल्या हापशावरून डबा नाहीतर कळशी भरून आणू लागली. आपल्यापुरतं वापरायचं, उरलेलं गच्चीतल्या पिंपात ओतायचं. बाजार उठला की भागाबाई झाडू मागायची आणि गच्ची, मोरी, जिना सगळं धुऊन निघायची. रुचीने आधी "राहू द्या, मी करते" म्हणून पाहिलं. भागाबाईने ऐकलं नाही. एकदा जाताना तिने मेथीची भलीमोठी जुडी पायरीवर ठेवली. रुची हसली. "मावशी, चातुर्मास आहे. आमच्यात पालेभाजी चालत नाही."

"मंग काय चालस?"

"दुधी, गिलके, दोडके."

"येडीच शे मी," भागाबाई म्हणाली आणि जुडी उचलून रस्त्यावरच्या गाईपुढे टाकली. पुढच्या बाजारी गिलके आले. रुचीने तिला चहा दिला आणि दोघी पायरीवर बसून सिन्नरला दिलेल्या भागाबाईच्या मुलीबद्दल बोलत राहिल्या. सूरजबाई आतून ऐकत होत्या. त्यांना बरंही वाटलं, आणि आपण उठून त्या पायरीवर बसू शकत नाही याचं वाईटही वाटलं.

गोष्ट लपून राहणारी नव्हती. पावसाळ्यात चिखलाने भरलेली पावलं जिन्यावर उमटली आणि शांतीलालशेठनी विचारलं. रुचीने सांगून टाकलं. शेठ चढ्या आवाजात बोलणारे नव्हते. जेवणाच्या ताटावर बसूनच म्हणाले, "घर आहे की धर्मशाळा?"

"धर्मशाळा वाईट असते का?" सूरजबाई म्हणाल्या.

शेठनी मान वर करून पाहिलं. चाळीस वर्षांत बायकोने उलट प्रश्न विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पारस मध्ये पडला. "मम्मी, प्रश्न तो नाही. तू वर एकटी असतेस. कोण येतं, कोण जातं. उद्या काही झालं म्हणजे?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या बोलण्यात खरंच काळजी होती. ते बोलणं तिथेच राहिलं. बाया येत राहिल्या, शेठ बघून न बघितल्यासारखं करत राहिले.

मार्गशीर्षात धुळ्याला शेठच्या सख्ख्या पुतणीचं लग्न निघालं. मुहूर्त नेमका बाजाराच्या दिवशी. दुकान बंद ठेवायचं ठरलं, जीप ठरवली. सूरजबाईंना न्यायचं तर चौघे जण, खुर्ची, परत धुळ्याच्या कार्यालयाच्या पायऱ्या. "तुम्हाला झेपणार नाही," सगळेच म्हणाले. सूरजबाईंनी आहेराचं पाकीट भरून दिलं आणि नवरीसाठी काढून ठेवलेली ओढणी रुचीच्या पिशवीत घातली. रुचीने डबा भरून ठेवला, पाणी उशाशी ठेवलं, वॉकर जवळ आणून ठेवला. सकाळी सगळे उतरले. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्याआधी आणखी एक आवाज. खट्.

तो कसला, हे सूरजबाईंना दुपारी कळलं.

"अक्का!" भागाबाईची हाक आली. सूरजबाईंनी दोरी ओढली. कडी उचलल्याचा नेहमीचा आवाज झाला. पण दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा ओढली. खालून दार ढकलल्याचा धडधडाट झाला.

"अक्का, बाहेरथून कुलूप शे."

सूरजबाई वॉकर टेकत टेकत गॅलरीत आल्या. खाली भागाबाई उभी होती, तिच्यामागे लसूणवाली, दोघींच्या हातात भरलेल्या कळश्या. भागाबाईने वर पाहिलं.

"तुमले कोंडीसन गयात का?"

तिने ते साधं, काळजीने विचारलं होतं. पण भरल्या पेठेत तो शब्द मोठ्याने उच्चारला गेला. चार माणसांनी वर पाहिलं. सूरजबाईंचं तोंड गोरंमोरं झालं. "नाही गं," त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं लावायला. घरात कोणी नाही ना."

भागाबाईने मान हलवली. तिला पटलं नव्हतं, आणि पटलं नाही हे सूरजबाईंनाही कळलं. दोघी बाया कळश्या घेऊन परत फिरल्या.

सूरजबाईंनी पारसला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. "मम्मी, तुझ्यासाठीच लावलं कुलूप! बाजाराचा दिवस, दुकान बंद. संध्याकाळी येतोच!" मग वाजंत्रीच उरली.

सूरजबाई गॅलरीत बसू शकेनात. खाली त्या सगळ्या बसल्या असतील, कोरड्या घशाने, पाय आवळून. आणि आपण वर, भरलेलं पिंप, मोकळी मोरी, हातात दोरी. त्यांनी दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. पाण्याचं भांडं उचललं आणि तसंच ठेवलं. मग मनात एक विचार आला. आत्ता या घराला आग लागली तर? गॅस, शॉर्टसर्किट, काहीही. कडी माझ्या हातात आहे, पण कुलूप पारसच्या खिशात, धुळ्यात. इतकी वर्षं आपण वर बसतो असं म्हणत होतो. बसत नव्हतो. आपल्याला ठेवलेलं होतं. फरक एवढाच की आज आवाज झाला.

दिवस लवकर मावळायला लागला होता. बाजार उठला. पालं सुटली, ॲपे रिक्षा माणसं कोंबून निघून गेल्या. सूरजबाईंनी दिवा लावला आणि गॅलरीच्या दाराशी आल्या तर खालून आवाज आला, "अक्का, जेवनात का?"

भागाबाई जिन्याच्या दाराच्या पायरीवर बसली होती. पाट्या एकात एक घालून शेजारी ठेवलेल्या, अंगाभोवती पदर घट्ट लपेटलेला.

"तू अजून इथे? तुझी गाडी गेली असेल ना?"

"गयी."

"मग कशाला थांबलीस?"

"तुम्ही एकल्या. कुलूप लायेल. काही व्हयनं तर आवाज दिसात तुम्ही, पन आयकाले कोनी पाहिजे ना?"

सूरजबाई कठडा धरून उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून कठड्याशी बसल्या. वर एक, खाली एक. थंडी पडत होती. सूरजबाईंनी टोपलीत आपली शाल आणि डब्यातल्या पोळ्या घालून खाली सोडल्या. भागाबाईने शाल घेतली, पोळ्या घेतल्या. पाण्याची बाटली मात्र तशीच वर पाठवली.

जीप आली तेव्हा पेठेतले दिवे लागले होते. पारस उतरला, मागून शेठ, रुची. पायरीवर कोणीतरी बसलेलं पाहून पारस दचकला. "कोण आहे? काय पाहिजे?"

"काही नही, भाऊ. अक्का एकल्या व्हत्या." भागाबाई गुडघ्यांवर हात रोवून उठली. उठताना तिला नीट सरळ उभं राहता येईना. एक पाय दुसऱ्यापुढे अडकवून ती भिंतीला टेकली.

"पारस!" वरून आवाज आला. पेठेने सूरजबाईंचा आवाज याआधी कधी ऐकला नव्हता. पानवाल्याने मान बाहेर काढली. "आधी तिला वर येऊ दे. ती सकाळपासून थांबली आहे."

पारस वडिलांकडे बघू लागला. शेठ रस्त्याकडे बघू लागले. रुचीने पुढे होऊन नवऱ्याच्या हातातली किल्ली काढून घेतली, कुलूप उघडलं, जरीच्या साडीचा घोळ एका हाताने वर धरला आणि दुसऱ्या हाताने भागाबाईचा दंड धरून तिला जिन्याने घेऊन गेली. शेठ अंग चोरून दाराच्या बाजूला उभे राहिले, दोघी वर जाईपर्यंत.

भागाबाईला तिच्या गावी पारसनेच सोडलं, त्याच जीपने. वाटेत तो काय बोलला, ती काय बोलली, कोणाला माहीत नाही. परत आल्यावर तो आईच्या खोलीत आला, उभा राहिला आणि "झोप आता" म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळची सामायिक, ती घटकाभराची ध्यानाची बैठक, झाल्यावर शेठ तिथेच बसून राहिले. "घर उघडं टाकून जायचं होतं का?" त्यांनी विचारलं. भांडायच्या सुरात नाही, खरंच विचारलं.

"नव्हतं," सूरजबाई म्हणाल्या. "पण मला विचारायचं होतं. आतून कडी होतीच, दोरी माझ्या हातात होती. कोणाला उघडायचं, कोणाला नाही, ते मी ठरवलं असतं. आग लागली असती तर काय केलं असतं मी? गॅलरीतून उडी मारली असती?"

"दुकान उघडायची वेळ झाली," असं म्हणून शेठ उठले. त्या बाजूच्या दाराला बाहेरून कुलूप नंतर कधी लागलं नाही. काही दिवसांनी गच्चीवर जुन्या टाकीशेजारी एक नवी काळी टाकी येऊन बसली. घरात कमी पडतं म्हणून आणली, असं शेठनी सांगितलं. मागच्या गल्लीतल्या सुनंदाबाई मास्तरीण एक दिवस रुचीला वाटेत भेटल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडे चालतं तर आमच्याकडे काय हरकत आहे, निम्म्या बाया आमच्याकडे पाठवत जा. रुची त्या वाटेने जात होती, कारण संक्रांतीनंतर तिने त्याच गल्लीत दार असलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हिशेबाचा कॉम्प्युटर सांभाळायला घेतला होता. सासरे एकदाच म्हणाले, "आपल्या घरच्या बायका..." आणि वाक्य पुरं करायच्या आत वरून सूरजबाईंनी खोकून दाखवलं.

सूरजबाईंचं मात्र तिथेच राहिलं. भागाबाईने एकदा सुचवलं, आम्ही चौघी धरतो, खुर्चीतून खाली नेतो, समोरच्या पायरीवर घटकाभर बसा, उन्हं खा. सूरजबाई उठल्या, वॉकर घेऊन जिन्याच्या तोंडाशी आल्या, खाली पाहिलं आणि वॉकर मागे घेतला. कोणी अडवलं नव्हतं. पारस घरात नव्हता, शेठ काही बोलले नसते. तरी पाऊल पुढे पडेना. "पुढच्या बाजारी," त्या म्हणाल्या. पुढच्या बाजारीही तेच म्हणाल्या. रात्री अंथरुणात त्यांना स्वतःचाच राग यायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांनी घातलेली मनाई आता त्यांच्याच पायांत जाऊन बसली होती, आणि तिला बाहेरून काढता येईल असं कुलूप नव्हतं.

शेवटी रुचीने मधला मार्ग काढला. जिना मध्ये एका ठिकाणी वळतो, तिथे चौकोनी जागा आहे. तिथपर्यंत पाचसात पायऱ्याच. एका दुपारी रुची पुढे उलटी उतरत, भागाबाई मागून कंबर धरून, सूरजबाई बसत बसत, पायरीपायरीला "थांबा, थांबा" म्हणत तिथवर पोचल्या. प्लॅस्टिकची खुर्ची आधीच ठेवलेली होती. बसल्यावर त्यांना कितीतरी वेळ दम लागला होता. खालचं दार उघडं होतं. त्यातून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता: बैलगाडीचं अर्धं चाक, कुणाची चप्पल, गव्हाचे सांडलेले दाणे आणि ते टिपणारी एक चिमणी. वरून पेठ दिसायची ती डोक्यांची. इथून माणसांचे पाय दिसत होते.

आता बाजाराच्या दिवशी त्या तिथेच बसतात. त्याखाली उतरलेल्या नाहीत. उतरतील की नाही सांगता येत नाही. एक अडचण मात्र झाली आहे. जिना आधीच अरुंद, त्यात मधोमध खुर्ची. हातात भरलेली कळशी घेऊन वर येणाऱ्या बाईला जागाच उरत नाही.

"अक्का, जरासा सरका ना," भागाबाई म्हणते, "माले घाई शे."

सूरजबाई गुडघे भिंतीकडे वळवतात आणि तिला जाऊ देतात.